सुस मीटाला दिसलेली दीर्घिका

क्लिपदालमध्ये दुर्बीण एकच होती आणि ती ऑब्रे मार्मनची होती. त्यामुळे गावातला सर्वांत मोठा खगोलनिरीक्षक तोच, हे ओघानेच आलं. सर्वांत लहानही तोच. केपटाउनपासून दूर आत, कारूच्या त्या कोरड्या पठारावर इतका गडद अंधार पडतो, की तारे बघायला लोक परदेशातून येतात, शेजारच्या जिल्ह्यातल्या लॉजवर उतरतात आणि ब्लँकेटं पांघरून अहाहा करतात. क्लिपदालच्या लोकांना आकाश जन्मापासूनच मिळालेलं, त्यामुळे त्याचं कोणाला काही नव्हतं. दिवसा एकदा वर बघून पाऊस येतोय का तेवढं पाहायचं, तो येत नसायचाच, की आकाशाशी संबंध संपला.

ऑब्रेने हयात मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात दुभाष्या म्हणून काढली होती. मेंढीचोर जे बोलेल ते साहेबाला सांगायचं, साहेब जे बोलेल ते मेंढीचोराला सांगायचं, मध्ये आपलं काही घालायचं नाही. दोघंही आपल्याकडेच रागाने बघतात, तेही सहन करायचं. असं आयुष्य काढलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतर स्वतःचं बोलायला फारसं काही उरत नाही. बायको एस्टेल मुलीच्या बाळंतपणाला केपटाउनला गेली, ती गेलीच. भांडण वगैरे काही नव्हतं. नातू आता शाळेत जाऊ लागला होता आणि बाळंतपण अजून चालूच होतं. दर रविवारी फोन व्हायचा. एस्टेल विचारायची, जेवलास का. तो म्हणायचा, जेवलो. मग दोघंही जेवणापलीकडचा विषय शोधायची आणि न सापडल्यामुळे फोन ठेवायची.

उरली दुर्बीण. आठ इंची आरशाची, पाण्याच्या जाड पाइपासारखी, लाकडी खोक्यावर हाताने फिरवायची. तिच्यातून चंद्र, शनी वगैरे बघण्यात ऑब्रेला रस नव्हता. शनी काय, कोणालाही दिसतो. त्याला नाद दीर्घिकांचा. फोटोतल्या रंगीत भोवऱ्यांवर भाळून जे दुर्बिणीकडे येतात त्यांची दीर्घिका पाहून घोर निराशा होते. काळ्या कापडावर ओलं बोट टेकवून उचलावं तसा एक डाग. तोही थेट पाहिला की नाहीसा होतो. आपलं लक्ष दुसरीकडेच आहे असं दाखवून नजरेच्या कोपऱ्यातून पाहावं, तेव्हा दिसतो. लहान गावात वाढलेल्या माणसाला असं बघण्याचा सराव असतोच.

मीटा ओलिफांट भिंतीपलीकडे राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरीही संपलेली. गावाला चर्च एकच, म्हणून सगळे पुरुष ब्रूर आणि सगळ्या बायका सुस. भाऊ आणि बहीण. भांडणंही त्याच नात्याने व्हायची. सुस मीटाची संध्याकाळ टीव्हीवरच्या एका मालिकेला बांधलेली होती आणि हिवाळ्यात लोडशेडिंग नेमकं मालिकेच्या वेळेला यायचं. पहिल्यांदा ती मेणबत्ती मागायला म्हणून आली. ऑब्रे अंगणात दुर्बिणीला डोळा लावून वाकलेला. तिने विचारलं, हरवलंय का काही. त्याने दाखवलं. दुसऱ्यांदा दिवे गेले तेव्हा ती घरी भाजलेल्या रस्कचा, म्हणजे जाड खुसखुशीत टोस्टांचा, डबा घेऊन आली, आणि मग येतच राहिली. चार हिवाळे.

ऑब्रेने तिला नियम घालून दिले होते. भिंगापाशी मेणबत्ती आणायची नाही. भिंगाला बोट लावायचं नाही. काचेवर श्वास सोडायचा नाही, वाफ धरते. आणि बाजूची घुंडी, तिला तर मुळीच हात लावायचा नाही, कारण ती त्याने खूप काळजीने लावलेली असते. सुस मीटाने शाळेच्या स्वयंपाकघरात याहून कडक नियम स्वतः केले होते, त्यामुळे तिला यात वावगं काही वाटलं नाही. ती हात पाठीमागे बांधून वाकायची, बराच वेळ बघायची आणि मग काहीतरी बोलायची. "आज छान गोल आल्यात." किंवा, "आज जरा फिक्या वाटतायत." ऑब्रेला वाटायचं, भट्टीपुढे आयुष्य गेलेली बाई, ती दीर्घिकांबद्दलही पावाच्याच भाषेत बोलणार. त्याला ते आवडायचं. एवढ्या लांबून निघालेला उजेड, मेंढरंही नव्हती तेव्हापासून चाललेला, तो क्लिपदालमधल्या एका अंगणात उतरतो आणि एक नाही, दोन माणसं तो बघतात. एकाने बघितलं तर ते बघितलं की नुसतं वाटलं, याचा काही भरवसा नसतो. दोघांनी बघितलं म्हणजे ते आहे. कोर्टाचाही नियम साधारण तोच.

त्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर, जेवणं उरकून दिवे गेल्यावर, ऑब्रेने दुर्बीण नरतुरंग तारकासमूहाकडे वळवली. तिथली एक मोठी दीर्घिका त्याला स्वतःच्या तळहातासारखी पाठ होती. तिच्या कडेला त्याला एक ठिपका दिसला, पूर्वी कधी नसलेला. दीर्घिकेतला एखादा तारा फुटतो तेव्हा असा नवा ठिपका उगवतो. जगभरचे हौशी लोक अर्धं आयुष्य त्याची वाट बघतात, आणि ज्याला तो आधी दिसतो त्याचं नाव राहतं. ऑब्रे मार्मनचं नाव आजवर फक्त कोर्टाच्या हजेरीत राहिलं होतं. त्याने सुस मीटाला पुढे बोलावलं.

"खालच्या बाजूला, डावीकडे. एक नवा ठिपका दिसतोय ना?"

सुस मीटा वाकली. थोडा वेळ गेला. "दिसतोय."

"अगदी बारीक?"

"बारीकच म्हणायचा."

"मागच्या खेपेला नव्हता ना?"

"छे, मागच्या खेपेला कुठला असायला."

कोर्टात एखाद्या वकिलाने साक्षीदाराला असे प्रश्न विचारले असते, तर मॅजिस्ट्रेटने चष्म्यावरून बघत त्याला खाली बसवलं असतं. उत्तर तोंडात घालून साक्ष काढायची नसते. या एका कारणावरून किती वकील झापले गेले ते ऑब्रेने पाहिलं होतं. ते झापणंसुद्धा त्याने आरोपींना त्यांच्या भाषेत, एकही शब्द न गाळता ऐकवलं होतं. पण आनंदात माणसाला आपला धंदा आठवत नाही. शहरातल्या हौशी खगोलनिरीक्षकांच्या मंडळाला त्याने तेव्हाच कळवलं आणि शेवटी लिहिलं, की दुसऱ्या निरीक्षकानेही दुजोरा दिला आहे.

मंडळाच्या कार्यवाहांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि ते फार सभ्य होतं, त्यावरूनच ऑब्रे काय ते समजला. त्याच संध्याकाळी दोन ठिकाणांहून त्या दीर्घिकेचे फोटो काढले गेले होते. त्यांत ठिपका नव्हता. जवळच्या एखाद्या तेजस्वी ताऱ्याचं भिंगात उमटलेलं खोटं प्रतिबिंब असावं, असं होतं कधीकधी, वाईट वाटून घेऊ नये. खाली कोणीतरी सहज विचारावं तसं विचारलं होतं, की दुजोरा देणारे निरीक्षक कोणती दुर्बीण वापरतात. ऑब्रेने प्रामाणिकपणे कळवलं, माझीच. त्यानंतर मंडळातून बराच काळ काही आलं नाही. लोक हसू आवरत असले की असाच वेळ जातो.

पुढच्या वेळी दिवे गेले आणि सुस मीटा डबा घेऊन आली, तेव्हा ऑब्रेने तिला दुर्बिणीपाशी जाऊच दिलं नाही. अंगणात उभं करून विचारलं, त्या दिवशी तुम्हाला नक्की काय दिसलं होतं.

"तुम्ही म्हणालात ते."

"मी म्हणालो ते सोडा. तुम्हाला काय दिसलं?"

"ब्रूर, मी काय कोंबडी चोरलीय का कोणाची?"

"दिसलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

सुस मीटा "नाही" म्हणाली. डबा उचलला आणि भिंतीला वळसा घालून घरी गेली.

त्यानंतर दिवे नियमाने जात राहिले आणि ती आली नाही. तिच्या खिडकीत मेणबत्ती लागायची आणि विझायची. ऑब्रे दुर्बीण बाहेर काढायचा. आकाश तेच होतं, उलट हिवाळा वाढला तसं अधिकच स्वच्छ. तो एकेक दीर्घिका लावायचा, बघायचा, मान वर करायचा आणि अंगणात बघायचा. तिथे पाण्याची टाकी उभी असायची. टाकीला काय सांगणार. एकदा तो "आज बरी दिसतेय" असं मोठ्याने म्हणाला आणि आपलाच आवाज ऐकून दचकला. उभ्या हयातीत त्याने दुसऱ्याचं वाक्य पुढे करूनच तोंड उघडलं होतं. आता पुढे करायला वाक्य नव्हतं.

दीर्घिकांचंही काहीतरी बिनसलं. एखादी लावली की त्याला शंका यायची, की हा डाग खरंच आहे, की मी ठरवलंय म्हणून आहे. ठिपका असाच तर दिसला होता, स्पष्ट, शपथेवर सांगण्याइतका. मग बाकीचं काय? चार हिवाळ्यांत जे जे पाहिलं त्यातलं किती खरं? हे सांगू शकणारं माणूस भिंतीच्या पलीकडे होतं, आणि त्याला तर आपण हाकलून दिलं. रविवारी एस्टेलने विचारलं, जेवलास का. तो जेवलो म्हणाला. खरं तर जेवला नव्हता.

त्याच दुपारी तो सुस मीटाकडे गेला. ती ओट्यावर खुर्ची टाकून वाटाणे सोलत होती.

"आले वकीलसाहेब," ती म्हणाली. "बसा. बायबल आतून आणू, की विश्वास ठेवाल?"

ऑब्रेने माफी मागितली नाही, चहा मागितला. क्लिपदालमध्ये दोन्हींचा अर्थ एकच होतो. तिने चहा आणला, पण साखर घातली नाही, म्हणजे प्रकरण अजून मिटलं नव्हतं. बराच वेळ दोघांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर काही नव्हतं. मग त्याने विचारलं, या वेळी शब्द नीट निवडून, की माझं सगळं बाजूला ठेवून सांगा, एवढे हिवाळे त्या नळीत तुम्हाला काय दिसत होतं.

"कडी," सुस मीटा म्हणाली.

"कसली कडी?"

"गोल. मध्ये भोक. काही मोठी, काही फिकी, आणि एकेकाला चार चिरा. पिठाची कडी तळायला सोडतो ना, तशी. मला वाटलं, याच तुमच्या दीर्घिका. चांगल्या होत्या की दिसायला." तिने एक शेंग फोडली. "आणि मागे जरा धुरकट असायचं, पण ते माझ्यामुळे. तुम्ही म्हणाला होतात, काचेवर श्वास सोडू नका. मी धरून ठेवायचे. तरी वाफ यायचीच. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं रागवाल."

"आणि तो ठिपका?"

"कसला ठिपका हो. तुम्ही इतक्या हौसेने विचारत होतात. कोणी ताट वाढून पुढे ठेवलं, तर त्यात काही नाहीये असं म्हणतात का?"

ऑब्रेने चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून बसला. त्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या होत्या. तो नसला की समोरचा ओटासुद्धा त्याला वितळलेला दिसायचा. दुर्बिणीला डोळा लावताना तो चष्मा काढून ठेवायचा आणि घुंडी फिरवून त्या अधू डोळ्याला जुळेपर्यंत भिंग पुढेमागे करायचा. मग ते फक्त त्याच्याच डोळ्याला जुळलेलं असायचं. सुस मीटाला वेशीवरच्या पाटीची अक्षरं ओट्यावरून वाचता यायची. तिच्या धडधाकट डोळ्यापुढे तेच भिंग म्हणजे नुसता घोळ. त्यात तारे फुगून कडी होणार, दुसरं काय होणार. मधलं भोक म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली आणि चिरा म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या चार पट्ट्या. प्रत्येकाने घुंडी आपल्या डोळ्याला लावून घ्यावी, हे मंडळात नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी सांगतात. ऑब्रेलाही सांगितलं होतं. पण त्याच्या दुर्बिणीला कधी दुसरा डोळा लागेल, असं तेव्हा त्याला वाटलं नव्हतं. पुढे दुसरा डोळा आला, तर त्याने घुंडीला हात लावायला बंदी केली.

म्हणजे चार हिवाळे तो अंगणात एकटाच होता. हे त्याला आता, भर उन्हात, वाटाण्यांच्या सालांत बसून कळत होतं. एकटं असण्याची त्याला सवय होती. पण एकटं नाही असं समजून इतका काळ एकटं असणं, हे जरा निराळं होतं. मग त्याला तिचं मघाचं बोलणं पुन्हा ऐकू आलं.

"तो श्वास नव्हता, सुस."

"मग काय होतं?"

"ते मागचं धुरकट. तीच दीर्घिका होती."

सुस मीटाने विचार केला. "म्हणजे मी उगाच गुदमरत होते," ती म्हणाली, आणि आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आली.

पुढच्या लोडशेडिंगला ती आली, पण रस्क न आणता. आधी काय दिसतं ते बघू, म्हणाली. ऑब्रेने दिवसभर विचार करून ठेवला होता. आजवर न दाखवलेली दीर्घिका लावायची, जिच्याबद्दल तो कधी अवाक्षरही बोलला नव्हता. हस्त नक्षत्राच्या चौकोनाजवळ एक होती, लहानशी. ती त्याने आपल्यापुरती ठेवली होती. तिच्यात एक खूण होती, फार चांगल्या हवेत दिसणारी, आणि तीही खरीच आहे की आपल्या मनाची, हे त्याला हल्ली सांगता येईनासं झालं होतं. त्याने दुर्बीण तिच्यावर लावली आणि बाजूला झाला. घुंडी तुम्ही फिरवा, म्हणाला. आणि मी काही बोलणार नाही.

"मी फिरवू?"

"हो."

"मोडली तर माझ्या नावावर नको." तिने हात पुढे केला, मागे घेतला, पदराला पुसावा तसा एप्रनला पुसला आणि घुंडी धरली.

ऑब्रे टाकीपाशी जाऊन उभा राहिला. साक्षीदार बोलेपर्यंत दुभाष्याने तोंड उघडायचं नसतं. हे त्याने आयुष्यभर पाळलं होतं आणि कधी इतकं जड गेलं नव्हतं. तिने काहीच सांगितलं नाही तर? किंवा सांगितलं की छान गोल आल्यात?

"लहान व्हायला लागली," सुस मीटा म्हणाली. "कडी आक्रसतायत... गेली. नुसते ठिपके झाले हो. एवढेसे." ती वाकलेलीच राहिली. "मला आधीची बरी वाटत होती."

लांब कुठेतरी एक कुत्रा भुंकला आणि कंटाळून थांबला.

"थांबा, इथे काहीतरी आडवं पडलंय. धड बघितलं की पळतंय." तिने मान जराशी वाकडी केली. "घेवड्याचा दाणा असतो ना, तसलं. मध्ये फुगीर, टोकांना निमुळतं. आणि एका कडेने... ब्रूर, तुमची काच तडकलीय का?"

"का?"

"कडेने काळी रेघ गेलीय. नखाने ओढावी तशी."

ऑब्रेने टाकीवर हात टेकला. टाकी बर्फासारखी गार होती. "काच धड आहे," तो म्हणाला.

"मग ती रेघ तिथेच आहे? वर?"

"तिथेच."

"एवढ्या लांबची वस्तू आणि तीही चिरलेली," सुस मीटा म्हणाली. तिला ते फारसं पसंत पडलं नसावं, पण डोळा काही तिने काढला नाही. दाणा निसटून जायला लागला की दुर्बीण हळूच पुढे ढकलायचं तंत्र तिचं तिनेच शोधून काढलं. बऱ्याच वेळाने ती सरळ झाली, कमरेला हात लावला आणि एकदम घाई सुटल्यासारखी म्हणाली, "या, बघा ना. लवकर या. आणि त्या घुंडीला हात लावू नका हं, मी महामुश्किलीने लावलीय."

ऑब्रे पुढे झाला. सवयीने चष्मा आधीच खिशात गेला होता. त्याने हात पाठीमागे घेतले आणि वाकला. समोर कडी होती. मोठी, फिकी, मध्ये भोक असलेली, एकेकाला चार चिरा. अगदी तिने सांगितली होती तशी, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. त्यांच्यामागे जरासं धुरकट. कानापाशी सुस मीटाचा श्वास ऐकू येत होता. ती उत्तराची वाट बघत होती. चष्मा खिशातून काढायला काही क्षण पुरले असते.

"दिसतेय का रेघ?" तिने विचारलं.

"दिसतेय," ऑब्रे म्हणाला. "फार सुंदर आहे."

आणि तो बघत राहिला. इतका वेळ, की शेवटी तिने त्याच्या खांद्याला कोपर लावलं आणि म्हणाली, पुरे आता, सरका. भिंग एका वेळी एकालाच पुरतं. तो सरकला आणि ती पुन्हा वाकली.